मामंजींच्या नावाचं कापड

माझ्या सासूबाई साड्या विणतात, हे मी आता छातीठोकपणे सांगते. इतकी वर्षं मूग गिळून बसले, तेवढं पुरे झालं.

आमच्या विणकरांत बाईनं सूत उकलायचं, कांड्या भरायच्या, तुटलेला धागा सांधायचा. मागावर मात्र पुरुषानंच बसायचं. मामंजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, खांदा निकामी झाला तेव्हा कुठे गेला होता हा नियम? पोटाचा प्रश्न आला, तशा सासूबाई गुपचूप मागावर बसल्या. माझा नवरा पार्सलं वाटतो, दीर यंत्रमागावर रात्रपाळी करतो. हातमाग चालवणाऱ्या घरात सासूबाई एकट्याच. आणि साडी विकली गेली की कौतुक कुणाचं? मामंजींचं! तेही खुशाल मिशीला पीळ देत ऐकून घ्यायचे.

परवा विणकर सोसायटीचे अध्यक्ष घरी आले. मुलांना हातमाग शिकवायला पगारी मास्तर हवा होता. "तुमच्यासारखा काठ कुणालाच जमत नाही," मामंजींना म्हणाले. मी सासूबाईंकडे बघितलं. ती मास्तरकी त्यांची होती. वाटलं, आज तरी मामंजी खरं बोलतील. कसलं काय! मामंजी सरळ उठले आणि सासूबाईंची अर्धी साडी मागावर होती, तिच्यापुढे जाऊन बसले.

आडवा धागा नेणारा धोटा मध्येच अडकायला लागला. काठ सैल पडला, सुरकुतला. हात दुसऱ्याचा आहे, हे कुणीही सांगितलं असतं.

"आज तब्येत बरी दिसत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"हो ना, जरा कणकण आहे," मामंजी म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कणकण कसली? ही साडी सासूबाईंची आहे! मागच्या सगळ्या त्यांनीच विणल्यात!"

"सूनबाई, तोंड आवर!" मामंजी गरजले.

अध्यक्ष चपला शोधायला लागले. "असू द्या हो. आजी मदत करतच असतील."

मदत म्हणे!

सासूबाई हात पुसत पुढे आल्या. "उठा," म्हणाल्या. मामंजी चक्क उठले. त्यांनी विणलेलं चार बोटं कापड सासूबाई एकेक धागा ओढून उसवायला लागल्या. अध्यक्ष दारातच थांबले.

"अगं, राहू दे की. एवढं कोण बघतंय?" मामंजी पुटपुटले.

"मी बघतेय," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या साडीत हे राहणार नाही."