कवेलूवर चढलेले डॉक्टरचाचा

डॉक्टरचाचा लहान मुलांना कधी नाव विचारत नसत. रस्त्यात एखादं पोर दिसलं की हातातली छत्री त्याच्यापुढे आडवी धरून म्हणत, "हास पाहू." पोर हसलं की ते वाकून त्याचे दात बघत आणि "जा, पळ" म्हणून वाट मोकळी करत. रिसोडच्या सरकारी दवाखान्यात ते बदलून आले तेव्हा मी दुसरीत होते. गावातली निम्मी मुलं त्यांना दातांवरूनच ओळखू येत. माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, पुढच्या दोन दातांत फट होती, म्हणून तो 'फट्या'. माझे दात मोठे आणि जरा पुढे, म्हणून मी 'ससुली'.

चाचा वाशीमच्या एका अत्तरवाल्या मुसलमान घरातले. अंगाने स्थूल, दम्याचे, दहा पावलं चालले की थांबणारे. तापाची, खरजेची, विंचवाची सगळी औषधं ते देतच. पण जीव होता तो पोरांच्या दातांवर. कोणी चेष्टा केली तर शांतपणे म्हणत, "तापाचं औषध शिशीत भेटते. दात शिशीत भेटत नाही."

बाजाराच्या दिवशी त्यांना फार काम. पिपाणी तोंडात धरून पळणारं पोर दिसलं की त्यांचा आवाज चढायचा. "उभा राह्य! वाजवायची तं बसून वाजव, पळायचं तं खिशात ठेव." ज्यांच्या सदऱ्याला खिसाच नव्हता त्यांची पंचाईत व्हायची, ती मुलं पिपाणी मुठीत घट्ट धरून चाचा नजरेआड होईपर्यंत शहाण्यासारखी चालत. शाळेच्या मैदानात विटीदांडू चालला असला तर बघ्यांनी कुठे बसायचं याची चुन्याची रेघ ते स्वतः ओढून देत. संध्याकाळपर्यंत ती पायांनी पुसली जाई. दुसऱ्या दिवशी चाचा पुन्हा चुन्याचं डबडं घेऊन हजर. "या डॉक्टरले दुसरं काम नाही," असं मोठी माणसं म्हणत. चाचांना ते ऐकू जाई, पण त्यांचा हात थांबत नसे.

मला मात्र लागलं ते आमच्याच दारात. मी तेव्हा चौथीत होते. आई माहेरी गेली होती, घरात काकू होती. काकूने मला दादाला जेवायला बोलवायला पाठवलं आणि मी दारातून बाहेर आले, त्याच क्षणी दादाने टोलवलेली विटी सरळ माझ्या तोंडावर बसली. वरचा पुढचा दात मुळासकट निघून धुळीत पडला. काकू धावत आली, ओला फडका माझ्या तोंडावर दाबला आणि दात उचलून कवेलूवर फेकून दिला. पडलेला दात छपरावर टाकायचा, म्हणजे नवा छान येतो, ही आमच्याकडची रीत. काकूने मायेनेच टाकला. दादा मात्र कोणी न सांगता दवाखान्याकडे पळाला होता.

चाचा आले ते धापा टाकत, टोपी न घालता. माझं तोंड उघडून पाहिलं आणि विचारलं, "दात कुठी हाये?"

"कवेलूवर टाकला जी," काकू म्हणाली. "येईनच ना नवा."

"नाही येत, वहिनी. हा दुसरा होता. तिसरा वरच्यानं देल्लाच नाही."

काकूचा चेहरा उतरला. चाचा वर बघत होते. अंगणात बैलगाडी सोडलेली होती. त्यांनी दादाला ती भिंतीशी लावायला सांगितली आणि कोट काढून ते गाडीवर चढले. तिथून छपरावर.

"डॉक्टरसाहेब, पडसान!" काकू ओरडली.

"पडलो तं पडलो. माहे दात नकली हायेत."

गावाला ही गोष्ट त्या दिवशी कळली. तोवर शेजारपाजारचे गोळा झाले होते. चाचा गुडघ्यांवर रांगत एकेक कवेलू चाचपत होते. दोन कवेलू फुटले. खोकल्याची उबळ आली तेव्हा ते तसेच पालथे पडून राहिले. मग निंबाच्या वाळक्या पाल्यात त्यांना दात सापडला. मुळाला बोट न लावता, वरच्या टोकाला धरून त्यांनी तो खाली आणला.

"वहिनी, थंडं दूध आणा वाटीत."

दुधात दात विसळून त्यांनी मला ओट्यावर बसवलं. "दुखीन. डोये मिटू नको, माह्याकडं पाह्य," म्हणाले आणि अंगठ्याने दात जागेवर दाबला. मला फडक्याची घडी चावून धरायला लावली. मग रेशमाच्या दोऱ्याने तो शेजारच्या दातांना बांधला.

"टिकन का जी?" काकूने विचारलं.

"मले मालूम नाही. धरला तं धरला."

पुढे रोज सकाळी दवाखाना उघडण्याआधी ते येत, दाताला बोट लावून बघत आणि चहा न घेताच जात. काकू मला कण्या शिजवून, पातळ करून घाली. एका सकाळी त्यांनी दोरा कापला, दात हलवून पाहिला, पुन्हा एकदा हलवून पाहिला, आणि ओट्यावर बसकण मारून म्हणाले, "वहिनी, आता चहा."

त्यानंतर गावात दात पडला की बाया तो दुधाच्या वाटीत घालून दवाखान्यात नेऊ लागल्या. त्यात दुधाचे दातही येत. चाचा ते परत करत. "हा कवेलूवरच टाका. पुन्हा बसवला तं खालून येणारा खराब होते." चेष्टा करणारे गप्प झाले होते असं नाही, पण पोरगं पडलं की आधी दात शोधायचा, हे त्यांच्याही अंगवळणी पडलं.

पुढे चाचांची बदली झाली. माझं लग्न झालं, पहिला मुलगा झाला, तो दात थोडा पिवळट झाला पण जागचा हलला नाही. चाचा नोकरी संपवून वाशीमला राहतात असं कळलं, तेव्हा मी मुलाला घेऊन त्यांना भेटायला गेले. त्यांना फारसं दिसत नव्हतं. माझा आवाज ओळखून त्यांनी दाताला अंगठा लावून पाहिला आणि खूश होऊन मान डोलवली.

मी विचारलं, "चाचा, असे किती दात बसवले तुमी?"

"बसवले लय. टिकला हा एकच."

"आमच्याकडं आले तेव्हा आधीचे टिकले नव्हते?"

"एकबी नाही."

"मंग दम्याचं माणूस कायले चढलं कवेलूवर?"

चाचा हसले. "तू रडून राह्यली असती तं गोड बोलून समजावलं असतं. तू तं कवेलूकडं हात करून दात मांगून राह्यली होती. काय करतो मंग?"

मी हात केल्याचं मला आठवत नव्हतं. मी मुलाला त्यांच्या मांडीवर दिलं आणि जेवायची वेळ होईपर्यंत तिथेच बसून राहिले.