एसीच्या सुरावर गाणारे आम्ही तिघं

नव्वदच्या दशकातला बहारीनमधला एक शुक्रवार आज सकाळपासून डोक्यात घोळतोय... मनाम्यातल्या एका हॉटेलचा हॉल, आपल्या मराठी लोकांचं स्नेहसंमेलन, आणि स्टेजवर घाम पुसत उभे असलेले आम्ही तिघं.

आमचा सोल ग्रुप होता. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधून आलेलं, पोटातून गायचं गाणं. वाद्य एकही नाही, नुसते तीन आवाज. मुख्य गायचा वसईचा ज्यो, तो हॉस्पिटलमध्ये कामाला. वरचा आवाज रत्नागिरीच्या सलीमभाईंचा, ते कापडाच्या दुकानात क्लार्क. खालचा माझा... मी आठवीपर्यंत शिकलेला, लाँड्रीत काम करणारा, आणि स्टेजवर नेहमी दोघांच्या मागे उभा राहणारा.

प्रॅक्टिस रिफाला सलीमभाईंच्या खोलीत. खिडकीतला जुना एसी सारखा घूं करत असायचा, त्यावरूनच आम्ही सूर धरायचो. बारशी, लग्नं, अस्कर गावातला कामगारांचा कॅम्प... जिथे गायलो तिथे खिडकीत एसी होताच. दुसरी काही सोय करावी, हे कधी सुचलंच नाही.

ज्योचा व्हिसा संपत आला होता. तो कायमचा घरी निघाला होता. लोक आमच्याकडे नेहमी इंग्रजी गाणी मागायचे, पण ज्योनं बायकोसाठी एक मराठी गाणं रचलं होतं. जाण्याआधी ते लोकांसमोर म्हणायचं होतं. "एकदाच रे," म्हणायचा, "मग खलास."

त्या दिवशी ज्योनं सवयीनं डोळे मिटले, कान लावला... आणि डोळे उघडले. हॉलला सेंट्रल एसी. आवाज म्हणून नाही.

"आपला एसी कुठाय?" सलीमभाई कुजबुजले.

"खोलीवर राहिला. जा, खांद्यावर टाकून आणा," ज्यो म्हणाला. पण हसला नाही.

त्यानं अंदाजानंच सुरुवात केली. इतकी वर, की दुसऱ्या ओळीला सलीमभाईंचा आवाज फाटला. पुढच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "ज्यो, राहू दे ते, इंग्लिश होऊ दे!"

ज्यो थांबला. माईकपासून मागे सरकला. गाणं तसंच त्याच्याबरोबर विमानात बसणार, हे मला दिसत होतं.

मग काय झालं ठाऊक नाही... मी तोंड मिटून तो खोलीतल्या एसीचा सूर लावला. स्टेजवर असा एकटा मी कधीच गायलो नव्हतो. पण सूर हलू दिला नाही.

"हां, हाच!" सलीमभाई म्हणाले. "यल्ला, चल ज्यो!"

ज्यो पुढे आला. गाणं पूर्ण झालं. मघाशी ओरडलेला माणूस ताटातला हात तसाच ठेवून ऐकत होता, एवढं आठवतं... टाळ्या वाजल्या की नाही, ते आठवत नाही.

ज्यो गेला. पुढच्या शुक्रवारी नमाज झाल्यावर सलीमभाईंनी मला बोलावलं. आम्ही दोघांनी तेच गाणं धरलं, आणि मग दर शुक्रवारी. ज्योची एकट्याची ओळ आली की दोघंही थांबायचो. ती ओळ संपेल एवढा वेळ जाऊ द्यायचो, आणि मग पुढे.

शब्द दोघांनाही पाठ होते...

आता आम्ही तिघं तीन ठिकाणी. कपडे वाळत घालताना कधी ते गाणं ओठांवर येतं. त्या जागेपर्यंत येतो आणि अजूनही गप्प होतो... ती ओळ ज्योची आहे.