भिंगमास्तरांचं स्टूल

टीव्ही आणि टेपरेकॉर्डर बनवता बनवता त्या कंपनीला एक दिवस डिजिटल एसएलआर कॅमेरा काढायची हुक्की आली. बाजारात कॅमेऱ्याचे जुने धनी ठाण मांडून बसलेले, पण साहेब म्हणाले, "लोकांच्या घरात आपला टीव्ही आहे, मग खांद्याला आपला कॅमेरा का नको?" झालं! कारखान्याचा अख्खा दुसरा मजला रिकामा करण्यात आला.

कॅमेऱ्याचं काम जाणणारा माणूस मात्र त्यांना एकच मिळाला. बंद पडलेल्या एका कॅमेरा कारखान्यात तीस वर्षं घालवलेले भिंगमास्तर. साठी ओलांडलेली, अंगात राखाडी कोट, खिशात भिंगं पुसायच्या कापसाच्या काड्या. जुन्या कारखान्याचा विषय निघाला की त्यांना जेवणाचंही भान राहत नसे. खिडकीशी ओळीने सात स्टुलं, समोरच्या भिंतीवर बारीक रेघांचा तक्ता, आणि दिवसभर एकमेकांची थट्टा. "आमच्याकडे माणूस मागच्या काचेतून आत डोकावल्याशिवाय कॅमेरा दाराबाहेर जात नसे," ते सांगत. "तक्त्यावरची शेवटची रेघ दिसली, की मगच खोक्यात." त्या सातांपैकी आता दोघेच उरले होते. मास्तरांना ती माणसं फार आठवत.

इथे कोणीच डोकावत नसे. टीव्हीवाल्यांची खोड जाते कुठे! ते कॅमेऱ्याला वायर जोडत आणि चित्र मोठ्या पडद्यावर बघत. चित्र लख्ख, कॅमेरा पास. मास्तरांनी हट्टाने एक स्टूल आणि एक तक्ता मागून घेतला आणि पहिल्या दोनशेतला पहिला कॅमेरा डोळ्याला लावला.

रेघा धूसर.

चष्मेवाल्यांसाठी असलेलं बाजूचं चाक त्यांनी दोन्हीकडे फिरवून पाहिलं. दुसरा कॅमेरा घेतला, तिसरा घेतला. सगळे तसेच. डोळ्यांचे पडदे झिजताहेत, यावर ऑपरेशन नाही, असं डॉक्टरांनी त्यांना वर्षापूर्वीच सांगितलं होतं. ते त्यांनी बायकोलाही कळू दिलं नव्हतं. "अहो, पेपर वाचताय की हुंगताय?" असं ती विचारी, तेव्हा ते हसून वेळ मारून नेत.

आता कॅमेऱ्यातलं चित्र डोळ्याकडे वळवणारा आरसा चुकलाय की डोळा गेलाय? दुसऱ्या कोणाला बघायला सांगावं आणि त्याला स्वच्छ दिसावं, म्हणजे हे स्टूलही गेलं. गप्प बसावं, तर खोकी सोमवारी बाजारात. दोन दिवस मास्तर मूग गिळून बसले आणि कॅमेरे पास करत राहिले. त्या दोन दिवसांची लाज त्यांना पुढे जन्मभर वाटली.

तिसऱ्या दिवशी खोक्यांना चिकटपट्ट्या लागताना बघून त्यांना राहवलं नाही. ते उठले आणि साहेबांना म्हणाले, "थांबवा हे. एकतर आरसा चुकलाय, नाहीतर माझा डोळा गेलाय. कोणीतरी बघा."

बारा वर्षं रिमोटची बटणं दाबून तपासणाऱ्या एक बाई होत्या. सगळे त्यांना रिमोटवहिनी म्हणत. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. "धूसरच आहे की, मास्तर! मी परवाच पाहिलं होतं. म्हटलं, काचेतून असंच दिसत असेल."

मोजमाप झालं. आरसा ज्या साच्यावर बसवत होते, तो साचाच केसभर चुकला होता. मोठ्या पडद्यावरचं चित्र आरशाला न शिवता येत असल्यामुळे तिथे ते कळलंच नव्हतं. दोनशे खोकी पुन्हा उघडली. दुरुस्त झालेला पहिला कॅमेरा साहेबांनी सगळ्यांसमोर मास्तरांच्या हातात दिला. "मान तुमचा. बघा."

मास्तरांनी बघितलं. मग कॅमेरा वहिनींकडे दिला.

"अय्या, शेवटची रेघसुद्धा दिसतेय!" वहिनी ओरडल्या आणि टाळ्या पडल्या.

"काय मास्तर, लख्ख ना?" साहेबांनी विचारलं.

नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. कोणाला कळणार होतं?

"मला नाही दिसत," मास्तर म्हणाले. "आरसाही चुकला होता आणि डोळाही गेलाय."

टाळ्या थांबल्या. मास्तरांनी स्टूल वहिनींपुढे सरकवलं. वहिनी संकोचत बसल्या, कॅमेरा पुन्हा उचलला आणि हळूच म्हणाल्या, "मास्तर, नेमकं काय बघायचं असतं?"

मास्तर त्यांच्या मागे उभे राहिले. "डावा डोळा मिटू नका, तो आहे हेच विसरून जा," त्यांनी सुरुवात केली. "आता वरच्या रेघेवरून सावकाश खाली या. घाई नाही." अजून एकशे नव्व्याण्णव कॅमेरे बघायचे होते.