सासऱ्यांचे कच्चे कागद आणि माझा लाल पेन

माझ्या सासऱ्यांना मी त्यांच्या मृत्यूनंतर दहापैकी चार गुण दिले. शेरा असा होता : "आशय बरा. अक्षर सुधारा. पालकांची सही आणा."

(पालकांच्या सहीचं मनावर घेऊ नका. बत्तीस वर्षं बोरीच्या शाळेत मराठी शिकवलंय, हात आपोआप चालतो!)

सासरे, म्हणजे अण्णा, पिंगळी स्टेशनावर गाड्यांचे रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात रेल्वेच्या बाद फॉर्मांच्या पाठीवर पेन्सिलीनं गोष्टी लिहायचे. त्यांची चार पुस्तकं छापून आली. कच्चे कागद आणि आलेली पत्रं पत्र्याच्या पेट्यांत पडून होती. अण्णा गेल्यावर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या पेट्यांना रोज उदबत्ती ओवाळायच्या. त्यांना स्वतःला वाचता येत नाही.

अशात एका विद्यापीठातून गायत्री नावाच्या मुलीचा फोन आला. लेखकांचे खर्डे, पत्रं, वह्या संग्रहात जपून ठेवणं हे तिचं काम. म्हणाली, "काकू, गुरुवारी येते. कागद नीट असले तर लगेच घेऊन जाईन."

आत्याबाईंनी मला तीनदा विचारलं, "म्हंजे ह्यांचं अक्षर तिथं ऱ्हाईल? मी गेल्यावर बी?"

"राहील की."

"मंग सुलभा, तूच कर समदं. तू शिकलेली हायेस." बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मला पण गहिवरून आलं.

पण त्या पोरीनं "नीट" हा शब्द वापरायला नको होता. मास्तरणीपुढं असं बोलू नये!

मी वरची पेटी उघडली. आत नुसती खाडाखोड! एका गोष्टीत म्हातारा मेंढपाळ शेवटी आपली लाडकी मेंढी विकतो. ते खोडलेलं. खाली, विकत नाही. तेही खोडलेलं. मग परत विकतो, परत खोडलेलं! मला मोठं नवल वाटलं, की एवढा पुस्तकं छापलेला माणूस, ह्याला एका मेंढीचं ठरवता येऊ नये? आणि हे असलं विद्यापीठात न्यायचं? घराण्याची इज्जत काय राहिली!

मी लाल पेन काढला.

दोन दिवस तपासत होते. लांबलचक वाक्यं तोडली, परिच्छेद पाडले, समासात शेरे मारले. एका नावाजलेल्या संपादकाचं अण्णांना आलेलं पत्र सापडलं. त्यातली पण दोन वाक्यं सैल होती. केली घट्ट! मेंढीवाल्या पानाची तर कीव आली, म्हणून तिथं सगळ्या खाडाखोडीवर पांढरा व्हाइटनर फिरवला.

आत्याबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "काय करायलीस गं?"

"तपासायलेय."

"मानूस गेलं की गं बाई. आता कामून तपासायलीस?"

"नीट दिसायला नको का चार लोकांत?"

त्यांनी माझ्या पेनाकडं बघितलं आणि आत गेल्या. मला वाटलं, कौतुक वाटलं असेल.

पेटीतली पानं जुनी, कडा मोडायलेल्या. मग मला वाटलं, जपायचंच तर कायमचं जपावं. सगळा गठ्ठा घेऊन गेले सलीमभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात. "लॅमिनेट करा. एकूण एक पान!"

सलीमभाई पान हातात धरून थांबला. "बाई, सोच के बोलो. एक बार चिपक गया तो कयामत तक निकलनेवाला नै."

"मला तेच तर पाहिजे!"

गुरुवारी गायत्री आली. तिनं पांढरे सुती हातमोजे घातले (मला वाटलं, पोरीला ॲलर्जी असेल), आणि मी तो चकचकीत गठ्ठा तिच्यापुढं ठेवला. तिनं पहिलं पान उचललं. मग दुसरं. मग खुर्ची सोडून खाली फरशीवर बसली.

"हे... हे कुणी केलं?"

"मी!" मी छाती पुढं काढून सांगितलं.

"लाल पण?"

"लाल पण!"

"काकू," तिचा आवाज रडवेला झाला, "छापलेली पुस्तकं आहेत आमच्याकडं. आम्हाला ही खाडाखोडच पाहिजे होती. माणसानं काय लिहिलं, काय खोडलं, ते बघायला लोक लांबून येतात. आणि हे प्लास्टिक आता सोलता येत नाही. असे कागद मला नेता येणार नाहीत."

"म्हंजे न्हेणार न्हाई?" आत्याबाईंनी अगदी हळू विचारलं. मी बत्तीस वर्षं पोरांना कान धरून उभं केलं. त्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी माझे धरावेत.

गायत्री मात्र मेंढीचं पान खिडकीशी नेऊन उजेडात बघत होती. "इथं खाली काय होतं?"

मी पण डोळे बारीक केले. काही दिसेना. वाचलेलं मी, पुसलेलं मी, आणि शेवटचं काय होतं तेच आठवेना!

"इकली न्हाई," आत्याबाई म्हणाल्या.

"तुम्हाला कसं माहीत, आजी?"

"मला वाचून दावायचे की. दर डावाला येगळंच. शेवटी मीच म्हनलं, इकू नका वो तिला, म्हातारं एकटं पडंल. मंग तसं लिवलं."

गायत्रीनं झटकन वही काढून ते लिहून घेतलं. आत्याबाई उठल्या, ज्वारीच्या कोठीमागं वाकल्या आणि तिथून एक पेटी ओढत बाहेर आणली.

"दुसरी पेटी? पहिलीच्या नादात मी तर हिला विसरलेच..."

"तू लाल पेन काढलास तव्हाच सरकवली मी ही. ह्यांनी जित्तेपनी कदी एक कागद तुज्या हाती लागू दिला न्हाई. म्हनायचे, सुलभा लय गुनाची हाय, पन तिच्या हातात पेन दिसला की मला घाम सुटतोय!"

गायत्रीनं पेटी उघडली. पानापानावर काट्याकुट्या, बाण, वरून लिहिलेलं, खालून लिहिलेलं. "कसली सुंदर खाडाखोड आहे हो!" ती ओरडली आणि आत्याबाई पदरात तोंड लपवून हसायला लागल्या. पेटी त्याच दिवशी विद्यापीठात गेली. पेटीबरोबर माझं एक लॅमिनेट केलेलं पानही गायत्रीनं मागून नेलं, लोकांना दाखवायला.

मागच्या महिन्यात तिनं परभणीत लेखकांच्या घरच्या मंडळींची सभा घेतली आणि वक्ता म्हणून मला बोलावलं. विषय : 'जुन्या कागदांचं काय करू नये.' ह्या विषयात जिल्ह्यात माझ्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाचा नाही, हे मी नम्रपणे मान्य केलं. भाषण झकास झालं, टाळ्या पडल्या. शेवटी गायत्री म्हणाली, "काकू, तुमच्या भाषणाचे हातानं लिहिलेले कागद द्या ना, संग्रहात ठेवते."

मी लाजून दिले. तिनं पहिलं पान बघितलं आणि कपाळाला हात लावला. कच्चं लिखाण घरीच फाडून टाकून, मी तिच्यासाठी सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड नसलेली पक्की प्रत करून आणली होती!