रक्तपेढीतला शोध अडकला तेव्हा

वर्ध्याच्या एका रुग्णालयात मी संगणकांचं काम बघते. एका दुपारी जाम गावाजवळ अपघात झालेल्या माणसाला आणलं आणि नेमका तेव्हाच रक्तपेढीच्या संगणकावरचा रक्तगटाचा शोध अडकला.

"काऊन अटकलं हे, मॅडम? डॉक्टर रक्त मागून राह्यले," पेढीतली ताई म्हणाली.

मी सर्व्हर पाहिला. ऑफिसातून कुणीतरी जुन्या वर्षांचा अहवाल मागवला होता. त्या नोंदींच्या तक्त्याला इंडेक्स, म्हणजे पटकन शोधायची सूची, नव्हती, म्हणून डेटाबेस एकेक नोंद तपासत बसला होता आणि बाकीचे सगळे शोध त्याच्यामागे खोळंबले होते. अहवाल मध्येच तोडायचा, पण तो नोंदी बदलतही असला तर? मग चुकीच्या गटाची पिशवी दिसली तर?

"ताई, तुम्ही फ्रिज उघडून पिशवी शोधा. लेबल आपण दोघी वाचू," असं सांगून मी अहवाल तोडला. स्क्रीन कोरी झाली.

नोंदी परत दिसल्या, तोवर ताई पिशवी घेऊन आली होती. आम्ही दोघींनी लेबल वाचलं; नंबर आणि गट दोन्ही नोंदीशी जुळले.

संध्याकाळी मी इंडेक्स लावला. शोध लगेच येऊ लागला. पण तो माणूस शुद्धीवर आल्याचं कळेपर्यंत मी घरी गेले नाही.