मास्तरांनी मोजलेला राग

माणसाला राग येतो तेव्हा तो नेमका कुठे येतो, हे ठाऊक असलेला एकच माणूस त्या काळी पृथ्वीवर होता आणि तो चिंचवडला आमच्या शेजारच्या खोलीत राहत होता, यावर माझा आजही ठाम विश्वास आहे. शाळेत ते गणित शिकवत, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. पण गणित पोटापाण्यापुरतं. खरा व्यासंग रागाचा. पुण्यात मानसशास्त्र शिकत असताना त्यांनी रागावर प्रबंध लिहायचा घाट घातला, तेव्हा "हा काय अभ्यासाचा विषय झाला?" म्हणून प्राध्यापक कडाडले. दुसरा कुणी असता तर चिडला असता. मास्तरांनी अत्यंत नम्रपणे विचारलं, "सर, आत्ता आपल्याला जे होतंय ते छातीत होतंय की कपाळात?" प्रबंध तिथेच संपला.

मास्तरांना स्वतःला मात्र राग येतच नसे. दूध उतू जाऊ दे, पोरं धोतराला खडू पुसू देत, त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता. माझी आई म्हणायची, "यांना घडवताना देव काहीतरी घालायचं विसरला." दुसऱ्यांच्या रागावर मात्र त्यांचं फार प्रेम. विहिरीवर बायकांची जुंपली की हे हातातली भाकरी टाकून, खिशातलं घड्याळ काढत पळत सुटत. भांडणाऱ्या माणसाचं मनगट धरायचं आणि मिनिटभर नाडी मोजायची. मग विचारायचं, "कुठं आहे? पोटात, की कानाशी?" आणि उत्तर लाल पुठ्ठ्याच्या वहीत टिपून घ्यायचं. एकदा दोन शेजारणी घागरीच्या नंबरावरून एकमेकींच्या माहेरापर्यंत पोचल्या होत्या. मास्तर मध्ये उभे राहून कळवळून म्हणाले, "थांबू नका हो, चालू द्या, अजून अर्धं मिनिट!" दोघी खुदकन हसल्या आणि घागरी उचलून चालत्या झाल्या. मास्तर खिन्न होऊन परतले. "माझ्यासमोर एक भांडण टिकत नाही," असं ते मला हताशपणे म्हणाले.

नाडी पाहतात म्हणजे वैद्य असणार, असा पंचक्रोशीत समज पसरायला वेळ लागला नाही. मोशीचा एक शेतकरी चक्क म्हैस घेऊन दारात आला. "मास्तर, लई रागीट हाय बगा. धारंला बसलं की लाथ. मानसाला जवळ येऊ देत न्हाई. हिचा राग उतरवा." आम्ही तोंडावर हात धरून उभे. मास्तर हसले नाहीत. त्यांनी म्हशीला तीन प्रदक्षिणा घातल्या, दोन लाथा खाल्ल्या आणि शेवटी अंगणात गुडघे टेकून तिच्या कासेखाली पाहिलं. आत चिघळलेली जखम होती. "अहो, ही रागावलेली नाही," ते म्हणाले, "हिला दुखतंय." शेतकरी ओशाळून म्हणाला, "व्हय की! आमी नुसतं टाळकंच बगत व्हतो." त्या संध्याकाळी मास्तरांनी वहीतली कितीतरी पानं काट मारून रद्द केली. पुढे 'राग कुठं आहे' हा प्रश्न त्यांनी कायमचा सोडला. "कुठं दुखतंय?" एवढंच विचारत. कॉलेजात जे मिळालं नाही ते म्हशीनं दिलं, असं ते शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोरही बेधडक सांगत.

त्यांच्या वहीत सर्वांत जास्त पानं माझी होती, हे सांगायला आता लाज वाटत नाही. मी दापोडीच्या एका वर्कशॉपात फिटर होतो आणि माझं डोकं फिरलं की हातात असेल ते फेकायचो. दोनदा लेखी ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा घरी बसावं लागलं असतं, आणि घरात मिळवता मी एकटा. वडील गेल्याला वर्ष झालं होतं. आईनं मला हाताला धरून मास्तरांपुढे नेलं. ते म्हणाले, "राग आला की आधी स्वतःचं मनगट धर. मोजून होईपर्यंत दुसरं काही करायचं नाही. हात गुंतलेला असला की फेकणार कशानं?"

आणि तो दिवस आलाच. फोरमननं सगळ्यांदेखत माझा कानशीनं घासलेला लोखंडी तुकडा जमिनीवर टाकला. "कानस धरायला कुणी शिकवलं रे तुला?" माझा हात हातोडीकडे गेला. कसा कोण जाणे, तिथून वळला आणि दुसऱ्या मनगटावर पडला. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजायला लागलो. सगळं वर्कशॉप बघत राहिलं. "काय करतोयस?" फोरमननं घाबरून विचारलं. "नाडी मोजतोय साहेब. एकशे चौदा." आणि मोजता मोजता मला कळलं की दुखतंय कुठं. कानस धरायला मला वडिलांनी शिकवलं होतं, आमच्या लोहारकामाच्या भात्याशेजारी बसवून. तेवढंच मी साहेबांना सांगितलं आणि रडलो. फोरमन खाली वाकला, तुकडा उचलून फडक्यानं पुसला आणि माझ्या हातात दिला. "केसभर काढ अजून," म्हणाला. तुकडा खरोखरच केसभर जास्त होता.

नोकरी टिकली. नुसती टिकली नाही, तीन वर्षांनी बढती मिळाली आणि तिच्याबरोबर नागपूरची बदली. ते सांगायला मी संध्याकाळी मास्तरांकडे गेलो, आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी घेऊन. "वा," म्हणाले आणि चटणी चाखली. पुढच्याच क्षणी ते ओरडले, "किती मीठ हे! काही अक्कल आहे की नाही तुम्हा लोकांना?" त्यांनी वाटी खाली आदळली. आई दाराशी धावत आली आणि तिथंच थांबली.

मी त्यांच्याजवळ बसलो. त्यांच्या खिशातलं घड्याळ काढलं आणि मनगट धरलं. हाडांवर नुसती कातडी उरली होती. ते माझ्याकडे पाहत नव्हते.

"एकशे आठ," मी म्हणालो. "मास्तर, कुठं दुखतंय?"

मोकळ्या हातानं त्यांनी वाटी सरळ केली. मग हळूच म्हणाले, "हे वहीत लिहू नकोस."

लिहिलं नाही. आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच लिहितो आहे. तेव्हा मिनिट केव्हाच संपून गेलं होतं, पण त्यांनी हात सोडवून घेतला नाही आणि मीही सोडला नाही.