शेखबाईंची पांढरी लोकर

शेखबाईंच्या टेबलावर कॉम्प्युटरला टेकून लोकरीचे चार गुंडे असायचे. ज्या काचेच्या इमारतीत पाणी प्यायला जातानाही गळ्यातलं कार्ड दाखवावं लागे, तिथे या बाई सकाळी आल्या आल्या पाठीमागच्या फळ्यावर टाचण्या टोचून लोकर ताणायच्या. हिरवी लोकर म्हणजे प्रोग्राम लिहिण्याचं काम, निळी म्हणजे चाचणी, लाल म्हणजे दुरुस्ती. आणि पांढरी म्हणजे वाट पाहणं. “चाललेलं काम सगळ्यांना दिसतं, थांबलेलं कोणाला दिसत नाही,” असं त्या म्हणत.

मला या बाईंचा हेवा वाटायचा. सरळ सांगतो, आडून सांगायला मी शिकलेलो नाही. कर्वेनगरच्या कॉलेजात असताना मी पत्रकं लिहीत लिहायला शिकलो. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी आणि मध्ये मावेल तेवढा राग. माझी चार पानं लोक “वाचतो हं” म्हणून खणात टाकत. शेखबाई चार ओळींची चिठ्ठी लिहायच्या आणि काम होऊन जायचं.

बाईंनी हडपसरच्या एका कारखान्याच्या नियोजन खात्यात वीस वर्षं काढली होती. कोणता सुटा भाग कोणत्या यंत्रावर कधी चढणार, हे तिथे भिंतभर लोकर ताणून दाखवत. मग कारखाना बंद पडला, त्याच जागेवर आयटी पार्क उभा राहिला आणि बाई त्याच फाटकातून पुन्हा नोकरीला आल्या. यावर केवढं पत्रक झालं असतं! मी तसं सुचवलंही. बाई म्हणाल्या, “लिहा की. फक्त बसथांबा तोच राहिला, तेही लिहा. मला बरं पडतं.” मी चिडलो. माझ्यावर एवढा अन्याय झाला असता, तर मी त्याचं काय काय केलं असतं. यांच्याकडे तो आयता पडून होता आणि बाईंना बसथांब्याचं कौतुक.

आमची कंपनी स्प्रेडशीटचं सॉफ्टवेअर बनवायची. मी चाचणी विभागात, बाई नियोजनात. पुढच्या आवृत्तीत नवं काय हवं, याची एक सूचना आमच्या शाखेकडून दरवर्षी परदेशातल्या मुख्य कचेरीला जायची. एकच. त्या वर्षी विषय होता प्रकल्पाचा तक्ता, म्हणजे प्रत्येक काम आडव्या पट्टीनं दाखवणारा. त्या तक्त्यात एक उघड अन्याय होता. साहेबांनी मंजुरी दहा दिवस अडवली, तरी पट्टी लांबायची ती काम करणाऱ्याच्या नावापुढे. माझ्या शेजारी बसणारा कांबळे असाच त्या वर्षी पगारवाढीतून गळला होता. यंदा ही सूचना गेली नाही, तर पुढच्या वर्षी तो पुन्हा गळणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी मागणीपत्र लिहिलं. अर्थातच चार पानं. ज्याच्यामुळे काम अडलं, त्याचं नाव तक्त्यावर लाल अक्षरांत सर्वांसमोर झळकलंच पाहिजे, ही मुख्य मागणी. मग सह्यांची मोहीम. मजल्यामजल्यावर फिरण्यात दीड आठवडा गेला, पण चाळीसच्या वर सह्या झाल्या. मध्ये दोनदा बाई माझ्या टेबलाशी येऊन विचारून गेल्या, “कार्यकर्ते, चाचणीचा अहवाल?” मी त्यांना सुनावलं की इथे सगळ्यांच्या हक्कांचं काम चाललंय, अहवाल कुठे पळून जात नाही. बाईंनी मान हलवली आणि मागणीपत्र मागून घेतलं. चारही पानं उभ्यानं वाचली, मग सही केली. आधी वाचून सही करणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. खरं म्हणजे तेव्हा मला ते वेळकाढूपणाचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कळलं की बाईंनी स्वतःचीही एक सूचना दिलीय. चार ओळी. अडलेले दिवस भरीव पट्टीत धरू नयेत, तिथे पोकळ पट्टी दिसावी. तिच्यावर टिचकी मारली की कोणाची वाट पाहणं चाललंय ते कळावं, पण त्या कामातल्या माणसांनाच. मला ही गद्दारी वाटली. साहेब लोकांना पदराआड घेणारी सूचना आहे, असं मी कँटीनमध्ये त्यांच्या तोंडावर म्हणालो. बाई बशीत चहा ओतत होत्या. “अहो, नाव झळकलं की माणूस नाव पुसायच्या मागे लागतो,” त्या म्हणाल्या. “काम राहतं तसंच.”

निवडीच्या बैठकीत साहेबांनी माझे सह्यांचे कागद हातात घेतले आणि सही केलेल्या एकाला विचारलं, की मागणी काय आहे. तो म्हणाला, “ते आपलं, हक्कांचं आहे.” दुसऱ्यानं विचारलं, “कँटीनचं ना?” कांबळेसुद्धा खाली मान घालून बसला. आम्हा चळवळीतल्यांची सवयच तशी. आपल्या माणसाचा कागद आला की सही करायची, वाचायचं काय त्यात. साहेब हसू दाबत कागद बाजूला ठेवणार, एवढ्यात शेखबाई म्हणाल्या, “मी वाचलंय.” आणि त्यांनी माझी चार पानं तीन वाक्यांत सांगितली. इतकी स्वच्छ, की ती मागणी मलाही प्रथमच नीट कळली. वर म्हणाल्या, “म्हणणं खरं आहे. उशीर ज्याचा, त्याच्याच नावावर पडायला हवा. माझ्या सूचनेत नावाची सोय आहे ती यांच्याच कागदावरून घेतलीय.”

मग त्यांनी आपला फळा आणून दाखवला. हिरवी लोकर, निळी लोकर आणि मध्येच पांढऱ्या लोकरीचा नऊ दिवसांचा तुकडा. त्यावर टाचलेली चिठ्ठी उलटी होती. हे नऊ दिवस कोणाचे, साहेबांनी विचारलं. बाई म्हणाल्या, “ज्यांना कळायला हवं, त्यांना दोनदा सांगून झालंय.”

वरच्या मजल्यावरचा कोणी बडा असणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. मी उठून उभा राहिलो आणि मागणी केली, की नाव जाहीर झालंच पाहिजे.

बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “कार्यकर्ते,” त्या म्हणाल्या, “बसा.”

सूचना बाईंचीच गेली. पुढच्या आवृत्तीत पोकळ पट्टी आली आणि तिची चाचणी नेमकी माझ्याकडे. दोन आठवडे मी तिच्यात जिवाच्या आकांतानं दोष शोधले. माझ्या नोकरीतली ती सर्वांत कसून केलेली चाचणी. दोष निघाला नाही. कांबळेची बारा दिवसांची पट्टी तीन दिवसांची झाली, उरलेली सगळी पोकळ. त्याला पगारवाढ मिळाली. पेढ्यांचा पुडा त्यानं बाईंना दिला. मला त्यातला एक पेढा मिळाला, तोही बाईंनी पुढे केला म्हणून.

त्यानंतर वर्षभरानं बाईंनी नोकरी सोडली आणि त्या वारज्याला मुलीकडे राहायला गेल्या. शेवटच्या दिवशी गुंडे पिशवीत भरले आणि फळा माझ्या टेबलावर आणून ठेवला. “तुम्हाला लागेल,” एवढंच म्हणाल्या. फळ्यावरची सगळी लोकर काढलेली होती. फक्त तो नऊ दिवसांचा पांढरा तुकडा आणि उलटी चिठ्ठी तेवढी ठेवली होती. बाई लिफ्टमध्ये शिरल्यावर मी टाचणी उपटली. चिठ्ठीवर बाईंच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘चाचणीचा अहवाल’. खाली माझं नाव.

म्हणजे भर बैठकीत मी ज्याचं नाव मागत होतो, तो मीच. एक चिठ्ठी सुलट केली असती, तर माझी चार पानं आणि चाळीस सह्या तिथेच संपल्या असत्या. माझ्या हाती त्यांचं असं काही लागलं असतं, तर मी ते लाल अक्षरांत छापून मजल्यामजल्यावर वाटलं असतं. हे बाईंना माहीत होतं, तरी त्यांनी चिठ्ठी उलटी टाचली. चार ओळींत लिहिणं मी पुढेमागे शिकेन. हे कुठून शिकायचं? हेवा वाटतो तो याचा, आणि तो काही कमी होत नाही.

फळा आता माझ्या टेबलासमोर टांगलाय. पत्रकाला हात घालण्याआधी त्याच्याकडे नजर जाते. पांढरी लोकर आहे तशीच आहे. चिठ्ठी मात्र मी सुलट टाचलीय. येणाराजाणारा वाचतो.